कोण कुणाचं कोण

मुकुंदवाडी स्टेशनाकडून आत आलं की तिसऱ्या गल्लीत पारूबाई हिवराळे यांचं ब्लाऊज शिवायचं दुकान आहे. दुकान म्हणजे घराचीच पुढची खोली. एक पायमशीन, कापडांची गाठोडी ठेवायला फळी, आणि बसायला प्लास्टिकच्या दोन खुर्च्या. पारूबाईंनी साठी ओलांडली आहे. नवरा जाऊन नऊ वर्षं झाली. एकच मुलगी, मोनाली. ती शहरातल्या एका कॉलेजात कॉम्प्युटर शिकवते आणि त्याच विषयात पीएच.डी. करते.

आमच्या गल्लीत पारूबाईंची एक खोड सगळ्यांना ठाऊक होती. नवी बाई माप द्यायला आली की टेप गळ्यात टाकून त्या आधी विचारायच्या, "माहेर कुठलं बाई तुमचं? मामा कुठले? आजीचं नाव काय व्हतं?" काही बायका हसून सांगत, काही नाक मुरडत. कुणाला वाटे, ह्या लग्नं जमवतात. कुणाला वाटे, जात काढतात. खरं कारण घरात मोनालीशिवाय कुणाला माहीत नव्हतं, आणि तिलाही ते अर्धंच माहीत होतं.

पारूबाईंना एक धाकटी बहीण होती. ठकी. बहात्तरच्या दुष्काळात ती हरवली, तेव्हा पारूबाई दहा वर्षांच्या होत्या आणि ठकी चार. मोनालीला लहानपणापासून सांगितलेली गोष्ट एवढीच: पैठणच्या अलीकडचं खेडं, खडी फोडायचं काम, घरात खायला नाही, म्हणून सोना मावशी ठकीला घेऊन कुठंतरी पोट भरायला गेली आणि परत आलीच नाही.

"मग शोधलं नाहीस का, आई?"

"हुडकलं की. कुणाला इचारू? ठकी हे काय नाव हाय व्हय? लाडानं म्हणायचे. लगीन झाल्यावर सासरी काय ठेवलं, कुणाला ठावं?"

मावशीचंही तेच. तिनं कुठं घर केलं असेल तर तिथलं नाव वेगळं, आडनाव वेगळं. आणि मामाचं गाव धरावं, तर ते गावच जायकवाडीच्या पाण्याखाली गेलेलं. माणसं चार दिशांना पांगली. काही नव्या वसाहतीत, काही शहरात. मामाचं घर त्यातलं कुठल्या दिशेला गेलं, ते पारूबाईंच्या घरात कुणी विचारलंच नाही, कारण त्या घराशी बोलणं तुटलं होतं. जयंतीची गर्दी असो, कुणाचं लग्न असो, मयत असो, पारूबाई म्हाताऱ्या बायकांच्या शेजारी जाऊन बसायच्या आणि दोन नावं घ्यायच्या. पन्नास वर्षं त्या दोन नावांना कुणी ओ दिली नाही.

दोन हजार बावीसच्या दिवाळीनंतरची गोष्ट. मोनाली जुन्या कॅलेंडरच्या पाठीमागे काहीतरी काढत बसली होती. ठिपके आणि ठिपक्यांना जोडणाऱ्या रेघा. शेजारी तसंच दुसरं चित्र. पारूबाई भाजी निवडता निवडता वाकून बघू लागल्या.

"हे कुणाचं गणगोत काढलं गं?"

मोनाली हसली. "गणगोत नाही, आई. माझ्या पीएच.डी.चं आहे. अशी दोन जाळी दिली, तर दोन्हींत सारखाच असा मोठ्यात मोठा तुकडा कोणता, ते शोधायचं."

"नावं कुठं हायेत ह्यांची?"

"नावं नाहीतच. कोण कुणाला जोडलंय, एवढंच बघायचं."

पारूबाईंचा भाजीतला हात थांबला. "नावं लागतच न्हाईत?"

"नाही."

दुसऱ्या दिवशी मोनाली कॉलेजातून आली, तर आई दुकान अर्ध्यातच बंद करून बसली होती. पुढ्यात ब्लाऊजच्या अस्तराचा एक पांढरा तुकडा, आणि त्यावर खडूनं काढलेले चौदा गोळे. बापू, माय, मावशी, मामा, मामी, मामाची तीन लेकरं, आजा, आजी, चुलता, चुलती, पारू, ठकी. "मामी म्हंजी बापूची सख्खी बहीण," त्या बोटानं दाखवत म्हणाल्या. "साटंलोटं झालं व्हतं आमच्यात. आता हे दुसऱ्या कुणाच्या घरात कुठं बसतंय का, बघ. नावं सोड."

मोनाली बराच वेळ त्या अस्तराकडं बघत राहिली. आई पाचवीपर्यंत शिकलेली. पण पाच वर्षं जो विषय मोनाली वर्गात आणि गाईडसमोर समजावत होती, तो तिच्या आईनं असा झटक्यात कामाला लावला होता.

दुसरं चित्र कुठून आणायचं, ते पारूबाईंनीच सुचवलं. राजकुमार वाहूळ हे निवृत्त पोस्टमास्तर. पंचवीस वर्षांपासून समाजाचं वधू-वर मंडळ चालवतात. त्यांच्या पुढच्या खोलीत रजिस्टरांची चळत आहे. प्रत्येक मुला-मुलीच्या माहितीत आई-वडील, मामा, आत्या, आजोळ. जवळच्या रक्तात सोयरीक होऊ नये म्हणून वाहूळ काका म्हाताऱ्या माणसांना खोदून विचारत आणि समासात पेन्सिलीनं बारीक अक्षरात आणखी नाती लिहून ठेवत.

त्यांनी आधी सरळ नाही म्हटलं. "लोकांनी माझ्या भरवशावर घरातलं सांगितलंय, बेटा. त्याचं कॉम्प्युटरमध्ये काय होईल, कोण जाणे."

"काका, मला नावं नकोतच," मोनाली म्हणाली. "तुम्ही वाचा आणि प्रत्येक माणसाला नुसता नंबर द्या. कोण कुणाचं कोण, एवढंच मी लिहिते. नंबर कुणाचा कोणता, ती वही तुमच्याजवळ राहू द्या."

काकांनी चष्मा पुसला, थोडा विचार केला आणि पहिलं रजिस्टर काढलं. पाच महिने, दर शनिवारी-रविवारी, ते वाचत गेले आणि मोनाली टाईप करत गेली. अकरा हजारांच्या वर माणसं झाली. पारूबाई रविवारी डबा घेऊन यायच्या आणि भिंतीला टेकून ऐकत बसायच्या. काका नंबरच वाचायचे, पण "चारशे बाराची आत्या, सातशे तीसला दिलेली" असं कानावर पडलं तरी त्यांच्या चेहऱ्यावर काहीतरी हलायचं. अकरा हजारांत ठकी आहे की नाही, असली तर कुठल्या आकड्यामागं, ह्याच विचारात त्या परत यायच्या. कधी कधी मशीनवर बसून पाय न हलवता नुसत्याच बसायच्या.

उन्हाळ्यात मोनालीनं जुळवणीचं काम कॉलेजच्या मशीनवर, मोठ्या कॉम्प्युटरवर, लावलं. चौथ्या दिवशी पारूबाईंनी विचारलं, "झालं?"

"नाही."

"एवढा मोठा कॉम्प्युटर, आन् चौदा माणसं जुळवता येईनात?"

मोनाली शिलाईच्या मशीनजवळच्या खुर्चीवर बसली. "हे बघ. तुझ्या चौदांतला पहिला माणूस रजिस्टरातल्या अकरा हजारांपैकी कुणीही असू शकतो. तो एकाला धरला की दुसऱ्यासाठी पुन्हा तेवढेच. त्यात सगळे चौदा सापडतीलच असं नाही, कारण लोक सगळं लिहीत नाहीत. मग चौदांतलं कुणाला धरायचं आणि कुणाला सोडायचं, ह्याच्याच सोळा हजारांवर तऱ्हा होतात. प्रत्येक तऱ्हेला पुन्हा पहिल्यापासून जुळवणी."

"मंग झटपट व्हईल अशी काही युगत आसंल की."

"माझंच नाही, जगातल्या कुणाचंच डोकं तिथं चाललेलं नाही, आई. सगळ्या जाळ्यांना लागू पडेल अशी झटपट वाट कुणाला सापडलेली नाही. आणि अशी वाट नसतेच, हेही कुणाला सिद्ध करता आलेलं नाही. नुसती वंशावळ असती, झाडासारखी, तर सोपं होतं. पण आपल्याकडं मामाची पोरगी करतात, साटंलोटं करतात. फांद्या फिरून एकमेकींना चिकटतात. मग ते झाड राहत नाही."

"म्हंजी तू पाच वर्षं शिकतीस ते, व्हत नाय हे सांगायला?"

मोनालीला हसू आलं, आणि थोडं लागलंही.

सहाव्या दिवशी तिनं कॉलेजचं मशीन थांबवलं. तोवर जे सापडलं होतं ते असं: चौदांपैकी सात माणसं जशीच्या तशी बसतात, अशी एकशे बारा ठिकाणं. सातापेक्षा जास्त कुठंच नाही. तिचा नियम कडक होता. जिथं नातं आहे तिथं दोन्हीकडं असलं पाहिजे, जिथं नाही तिथं दोन्हीकडं नसलं पाहिजे.

"एकशे बारा घरं," पारूबाई म्हणाल्या. "जाऊ की आपण. एकेका घरी इचारू."

"काय विचारशील? साटंलोट्याची घरं सगळी सारखीच दिसतात. शोध छोटा करायचा तर काहीतरी वेगळं लागतं, जे शंभर घरांत नसतं. आठव ना. तुमच्या घरात जगावेगळं काय होतं?"

पारूबाईंनी सुईत दोरा ओवला. "काय नाय. चारचौघांसारखंच व्हतं."

त्यानंतरचे दोन दिवस त्या मोनालीशी कामापुरतंच बोलल्या. एका बाईचं माप चुकलं. असं कधी होत नसे. तिसऱ्या दिवशी दुपारी दुकानात कुणी नव्हतं. त्या हूक लावत होत्या. मोनाली पेपर तपासत होती. आईनं मान वर न करता बोलायला सुरुवात केली.

"ते चित्र मी खोटं काढलंय."

मोनालीनं पेन खाली ठेवलं.

"सोना मावशी नुसती मावशी नव्हती. ती बापूला दिलेली व्हती. बहिणीवर दिलेली. माह्या मायला माह्यानंतर लेकरू राहीना, म्हणून आज्यानंच दुसरी पोरगी दिली. ठकी तिची. माह्या मायच्या पोटची नाय."

"आई..."

"ऐक. खडीच्या कामावर खायला सुकडी मिळायची, माणशी ठरलेली. माय म्हनली, माह्या लेकरातलं हिच्या लेकराला कामून देऊ. बापू कामावर व्हता. लई भांडणं झाली त्या दिशी. मावशीनं ठकीला काखंत घेतलं आन् निघाली. नदीकडच्या वाटंनं, मामाच्या गावाकडं. मी वट्यावर उभी व्हते. ठकी माह्याकडं बघत व्हती. मी हाक नाय मारली."

हूक लावायचं काम थांबलं नव्हतं.

"सांजंला बापू आला. मला इचारलं, कोणत्या वाटंनं गेली गं? मायनं आधीच सांगून ठिवलं व्हतं. मी शहराची वाट दाखवली. बापू दोन दिवस औरंगाबादच्या ठेशनावर हुडकत बसला. तिसऱ्या दिशी मामाकडं गेला, तवर मामानं त्यायला दुसरीकडं पोचवलं व्हतं. कुठं, ते सांगितलं नाय. तवापासून दोन्ही घरं तुटली." त्यांनी दोरा दातानं तोडला. "मायला लोकांनी नावं ठिवू नये म्हणून मी कुणाला सांगितलं नाय. तुह्या बापाला बी नाय."

मोनाली उठून आईजवळ जाऊन बसली. बाहेरून एका बाईनं हाक मारली, "पारूबाई, झालं का माझं?" तेव्हा मोनालीनंच दाराशी जाऊन उद्या यायला सांगितलं.

मग तिनं चित्र दुरुस्त केलं. ठकीची रेघ मायपासून काढून मावशीला जोडली, आणि मावशीपासून बापूला एक नवी रेघ ओढली. एकाच माणसाला दिलेल्या दोन सख्ख्या बहिणी अकरा हजारांच्या रजिस्टरात एकतीसच ठिकाणी होत्या, त्याही बहुतेक काकांनी समासात लिहिल्या म्हणून. मोनालीनं शोध त्या एकतीस ठिकाणांपासूनच सुरू केला. चाळीस मिनिटांत मशीन थांबलं. एका ठिकाणी नऊ माणसं बसत होती. बाकी कुठं सातच्या वर एकही नाही.

"मंग आधीच तसं कामून केलं नाय?" पारूबाईंनी विचारलं, आणि विचारता विचारताच त्या गप्प झाल्या.

मोनालीनं आईला बजावलं, "नऊ जुळले म्हणजे तीच आहे, असं मी छातीठोक सांगणार नाही. मी फक्त एकतीस ठिकाणांपासून बघितलंय. सगळं तपासायला महिना जाईल." तिनं ती तपासणीही लावून दिली. पण पारूबाईंना महिना थांबवेना.

वाहूळ काकांनी आपल्या वहीत नंबर काढला. दोन हजार चौदाची नोंद. मुलगा दौलताबादचा. मुलाची आई लीलाबाई. समासात पेन्सिलीनं लिहिलेलं: मुलाच्या आईची आई पहिल्या घरी बहिणीवर दिलेली, नंतर दौलताबादला पाट, म्हणजे दुसरं लग्न. काका चष्म्यावरून पारूबाईंकडं बघत म्हणाले, "हे म्हातारीनं स्वतः सांगितलं होतं मला. दोन हजार सोळात वारली ती." मग फोन त्यांनीच लावला. आधी लीलाबाईंच्या मुलाशी बोलले, मग लीलाबाईंशी. फोन ठेवून म्हणाले, "या म्हणते."

दौलताबाद. वेरूळच्या बसनं पाऊण तासाचा रस्ता. मोनालीच्या शाळेची सहल किल्ला बघायला आली, तेव्हा पारूबाईही तिच्याबरोबर तिथं गेल्या होत्या. रस्त्यावर बसलेल्या बायकांकडून पेरू घेतले होते. पुढच्या रविवारी बसमध्ये त्या खिडकीशी बसल्या. हातात एक पिशवी होती. तिच्यात साडी, आणि बाजारातून आणलेली जिलेबी.

लीलाबाईंचं घर रस्त्यापासून आत, सीताफळाच्या बागेला लागून होतं. पंचावन्न-छप्पन वर्षांची, उंच, हाडापेरानं मोठी बाई. पारूबाई ठेंगण्या. तोंडावळ्यात काही सारखं आहे का, ते मोनाली शोधत होती आणि तिला सापडत नव्हतं. सून पाणी घेऊन आली. वाहूळ काकांनी हळूहळू सगळं सांगितलं. लीलाबाई ऐकत होत्या, मान हलवत होत्या.

"व्हय," त्या म्हणाल्या. "माय सांगायची, पहिलं घर पैठणकडं व्हतं. तिची थोरली बहीण त्याच घरात व्हती. तिनं हाकललं आम्हाला. माह्या खऱ्या बापाचं नाव कडुबा."

कडुबा म्हणजे बापूच. पारूबाईंच्या तोंडून हुंदका फुटला. त्यांनी हात पुढं केला. "ठके..."

लीलाबाईंनी तो हात धरला, पण पाहुण्याचा धरतात तसा. "मला काहीच आठवत नाय हो. तुम्ही बी नाय. मला बहीण हाय, हे मायनं कधी सांगितलंच नाय. मी एकलीच वाढले." मग त्यांनी विचारलं, "त्यांनी हुडकलं व्हतं का आम्हाला? माह्या बापानं?"

मोनालीनं आईकडं बघितलं. हो म्हणून सोडून देता आलं असतं.

"हुडकलं," पारूबाई म्हणाल्या. "पर मी वाट उलटी दाखवली. मला ठावं व्हतं तुमी कुठं गेल्या ते. मायनं सांगितलं म्हणून मी शहराची वाट दाखवली. दोन दिवस तो ठेशनावर बसून व्हता."

लीलाबाईंनी हात सोडला. त्या उठून आत गेल्या. सुनेनं चहा आणला, तो निवला. आतून भांड्यांचा आवाज येत होता, मग तोही थांबला. बऱ्याच वेळानं लीलाबाई बाहेर आल्या. डोळे कोरडे होते.

"बसची येळ झाली आसंल तुमची," त्या म्हणाल्या. "साडी राहू द्या. जिलेबी पोरायला देते."

परत येताना पारूबाई म्हणाल्या, "तिला राग यायलाच पाहिजे." पुन्हा थोड्या वेळानं, "लई उंच झाली."

मोनालीची महिनाभराची तपासणी संपली. नऊच्या पुढं कुठंच काही निघालं नाही. तिनं ते आईला सांगितलं, तेव्हा पारूबाई एक काज करत होत्या. "मला ठावंच हाय," त्या म्हणाल्या.

आता त्या नव्या गिऱ्हाइकाला माहेर विचारत नाहीत. पहिले काही दिवस बायकांना चुकल्यासारखं वाटलं. दुकान तसंच चालू राहिलं, पण मशीनशेजारच्या फळीवर मोबाइल ठेवलेला असायचा आणि तो वाजला की पारूबाई पाय थांबवून आधी तिकडं बघायच्या. बहुतेक वेळा गुलमंडीचा अस्तरवाला असायचा, नाहीतर कुठलीतरी जाहिरात. दौलताबादचा नंबर मोनालीनं "लीला मावशी" म्हणून भरून दिला होता. पारूबाई तो नंबर काढून बघायच्या आणि परत ठेवून द्यायच्या. स्वतःहून लावला नाही. "तिला वाटंल तवा ती करंल," म्हणायच्या. पावसाळा गेला. सीताफळं आली आणि संपली. दुकानात बाया सणाचे ब्लाऊज घेऊन गेल्या.

डिसेंबरात एका दुपारी दुकानात तीन बायका बसलेल्या असताना तो फोन आला. लीलाबाईंनी ख्यालीखुशाली विचारली नाही. म्हणाल्या, "एक इचारायचं व्हतं. ते दिसायला कसे व्हते? फोटो हाय का?"

"फोटो नाय गं," पारूबाई उभ्या राहिल्या. "कुणी काढलाच नाय त्याचा."

पलीकडून, "मंग तुमीच सांगा. उंच व्हते का?"

"उंच व्हता. लई उंच. दारातून आत येताना वाकायचा. तुह्यावानी."

"थांबा जरा," लीलाबाई म्हणाल्या आणि त्यांनी आत कुणालातरी हाक मारली, "अगं ये सूनबाई, इकडं ये, पोरायला बी घे." मग पुन्हा फोनवर, "हां, आता बोला."

पारूबाईंनी गळ्यातला टेप काढून ठेवला. बसलेल्या बायकांकडं त्यांनी बघितलंसुद्धा नाही. "डोक्याला पटका बांधायचा, पांढरा," त्या सांगू लागल्या. "हसला की आधी खोकायचा. आन् चालताना..."